मानेवाड्यातून घरगुती मसाल्याचा व्यवसाय: भाव, पाकीट आणि गिऱ्हाईक यांचं गणित कसं बसवायचं?

मसाला_मानेवाडा

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला घरूनच मसाल्याचं काम सुरू करून राहिली आहे. वस्तू दोनच, सावजी पद्धतीचा तिखट मसाला आणि काळा मसाला. पाकीट १०० ग्रॅमचं. चवीबद्दल शंका नाही, ओळखीतले लोक मागून नेतात. सुरुवातीला महिन्याला १०-१२ किलो आणि वर्षभरात ३०-४० किलोपर्यंत जायचा विचार आहे.

अडचण पुढची आहे. घरचे म्हणतात पाकीट ७० रुपयांना द्या, लोक घेतील. किराणा दुकानदार मार्जिन मागतो, तेव्हा ७० मध्ये काय उरतं ते कळत नाही. लेबलवर नेमकं काय छापायचं? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळखी संपल्या की पुढचं गिऱ्हाईक कुठून आणायचं? कच्चा माल सोडून २५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. ते कशावर घालू आणि कशावर नको, हे जाणकारांनी सांगावं.

हिशेबवही

ताई, ७० चा आकडा कुठून आला ते आधी घरच्यांना विचारा. बहुतेक वेळा तो मोठ्या कंपनीच्या पाकिटावरून येतो किंवा "एवढं तर कोणीही देईल" या अंदाजावरून. भाव खर्चावरून काढायचा असतो. खाली एक नमुना देतो. दर मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका. पायऱ्या मात्र एकही गाळू नका.

१० किलो कच्चा माल (मिरची, धने, खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल आणि बाकी खडा मसाला मिळून): ४,२०० रुपये.
भाजायचा गॅस १५० आणि दळणावळ ३००. एकूण ४,६५०.
आता इथे चूक होते. १० किलोचे १० किलो निघत नाहीत. उन्हात वाळवताना आणि भाजताना ओल जाते, देठ आणि खडे निघतात, चक्कीत थोडं अडकतं. हातात ९ किलो २०० ग्रॅम आले असं धरू. म्हणजे १०० ग्रॅमला ५०.५० रुपये.
भरताना सांडतं, आणि वजन कमी भरू नये म्हणून १०१ ग्रॅम टाकावं लागतं. त्याचे २ टक्के धरा: ५१.५०.
पाउच ४, स्टिकर १.५०: ५७.
तुमची मजुरी: ९० पाकिटांना निवडणं, भाजणं, चाळणं, भरणं मिळून ६ तास, तासाला ७५ रुपयांनी ४५०, म्हणजे पाकिटामागे ५: ६२.
पोहोचवणं, खोकी, चवीचे नमुने, फुटलेली पाकिटं: ३. झाले ६५ रुपये.

हा ६५ चा आकडा दुकानदाराचं मार्जिन आणि तुमचा नफा धरण्याआधीचा आहे. दुकानदाराला छापील किमतीच्या २० टक्के आणि तुम्हाला १५ टक्के हवे असतील, तर ६५ रुपये म्हणजे छापील किमतीचा ६५ टक्के भाग झाला. छापील किंमत १०० रुपये. ७० ला विकलं तर दुकानदाराला १४ दिल्यावर तुमच्याकडे ५६ येतात आणि प्रत्येक पाकिटावर ९ रुपये खिशातून जातात. जितकं जास्त विकाल तितका तोटा वाढेल. हे लक्षात येत नाही, कारण स्वतःची मजुरी कोणी मोजत नाही आणि गल्ल्यात पैसे येताना दिसतात.

१०० जास्त वाटत असेल तर चवीला हात न लावता ५० ग्रॅमचं पाकीट काढा. खसखस कमी करून भाव पाडू नका, जुन्या गिऱ्हाइकाच्या जिभेला ते पहिल्याच भाजीत कळतं.

आणखी एक. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआय पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. उद्या सरकारी मुद्रा योजनेचं शिशु कर्ज (५०,००० पर्यंत) मागायला गेलात तर विक्री दाखवायला तेच विवरण कामी येतं. घरखर्च त्यात मिसळला की बँकवाल्याला काहीच वाचता येत नाही.

इतवारी_पॅकिंग

मसाला चांगला असून परत येतो, त्याचं कारण बहुतेकदा पाकिटात असतं. तुमच्या मसाल्यात खोबरं, तीळ, खसखस आहे, म्हणजे तेल आहे. तेलाचा शत्रू हवा, उजेड आणि उष्णता. नागपूरचा मे महिना ४५ अंशाला टेकतो, दुकानातल्या पत्र्याखालच्या फळीवर त्याहून जास्त. साध्या पारदर्शक पिशवीत असा मसाला खवट होतो आणि मिरचीचा रंग विटतो. म्हणून आतून चंदेरी थर असलेला, झिपर लागलेला, उभा राहणारा पाउच घ्या. समोर मसाला दिसावा म्हणून खिडकीवाला पाउच घ्यायचा मोह होतो. तुमच्या मसाल्याला तो घेऊ नका.

छापील पाउचच्या मागे आत्ता लागू नका. त्या छपाईला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर करावं लागतं आणि हजारोंच्या संख्येत माल उचलावा लागतो. पत्ता बदलला, किंमत बदलली की सगळा ढीग भंगारात. कोरे पाउच घ्या आणि वर लॅमिनेशन केलेला क्रोमो (चकचकीत कागदाचा) स्टिकर लावा. थर्मल प्रिंटरचा स्टिकर स्वस्त पडतो, पण उन्हात आणि तेलकट हातांनी अक्षरं उडतात. तारीख आणि बॅच नंबरसाठी स्टिकरवर लॅमिनेशन नसलेली छोटी जागा मोकळी सोडायला सांगा, तिथे न पुसणाऱ्या शाईचा शिक्का बसतो. लॅमिनेशनवर मारलेला शिक्का अंगठ्याने पुसला जातो.

दळल्याबरोबर भरू नका. चक्कीतून मसाला गरम निघतो. तसाच पाउचमध्ये गेला की आत वाफ धरते, मग गाठी होतात आणि पावसाळ्यात बुरशी येते. स्टीलच्या परातीत बोटभर थराने पसरा, मलमलचं कापड झाका आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरा. रात्रभर उघडा मात्र ठेवू नका, जुलै-ऑगस्टात तो हवेतली ओल ओढतो.

सील करताना जिथे उष्णता लागते त्या पट्टीवर भुकटीचा कण राहिला तर वरून सील झालेलं दिसतं आणि कणाच्या जागी सुईएवढी वाट राहते. नरसाळं वापरा, पट्टी कोरड्या कापडाने पुसा, झिपरच्या वर दोन समांतर सील मारा. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट पाण्याच्या बादलीत धरून हाताने दाबा. बुडबुडा आला तर सीलरची वेळ वाढवा. कडा सुरकुतली किंवा वितळली तर कमी करा.

मसाला_मानेवाडा

फार उपयोगी, दोघांचेही आभार. चक्कीवाल्याकडे गर्दी असते, आधी कोणाची हळद नाहीतर गहू दळलेला असतो. त्यापेक्षा २५,००० मध्ये छोटा पल्व्हरायझर (दळायचं मशीन) घेऊ का?

इतवारी_पॅकिंग

महिन्याला ४० किलोपर्यंत तरी नको. तेवढं काम चक्कीवर दोन-तीन खेपांत होतं. मशीन आणलं की जागा, वीज, धूळ आणि शेजाऱ्यांची तक्रार मागोमाग येते. चक्कीवाल्याशी आठवड्यातला एक दिवस ठरवा, सकाळची पहिली वेळ घ्या आणि चाळणी-डबा झाडून घ्या. तुमच्याच मालातले पहिले २५०-३०० ग्रॅम वेगळे काढा. आधीचं जे काही आत अडकलं असेल ते त्यात उतरतं. ते घरच्या वापराला ठेवा, पाकिटात जाऊ देऊ नका. मिरची मोडल्यावर कडकन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे, जाळीला चिकटते आणि मशीन जास्त तापतं. जास्त तापलं की वास उडतो.

लेबल_परवाने

परवान्यांचं थोडक्यात सांगते, कारण यात घाबरवून पैसे उकळणारे बरेच आहेत.

अन्नपदार्थाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच. घरून काम असलं तरी हवी. लहान व्यवसायाला साधी नोंदणी मिळते, फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर छापायचा. उद्यम नोंदणीला (लहान उद्योगाची सरकारी नोंद) सरकार एक रुपयाही घेत नाही, आधार आणि पॅन लागतं. तशाच नावाची खासगी संकेतस्थळं "फी" मागतात, तिथे पैसे भरू नका.

पाकिटावर वस्तूचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी, या क्रमाने), निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. याशिवाय एक गोष्ट नवीन मंडळी हमखास विसरतात: एकक विक्री किंमत. १ किलोच्या आतल्या पाकिटाला ती प्रति ग्रॅम लिहायची. १०० ग्रॅम १०० रुपयांना असेल तर "प्रति ग्रॅम १.०० रुपये".

भाषेचंही ध्यानात ठेवा. वजन, किंमत, पत्ता हा कायद्याचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला चालतं. पुढची बाजू सुरेख मराठीत करा आणि मागची इंग्रजीत. नुसत्या मराठी लेबलवर हरकत येऊ शकते.

स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीसाठी चालत नाही. वैधमापन विभागाचा (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि दरवर्षी पडताळणी करून घ्या. पाकीटबंद माल बनवणाऱ्याने त्याच विभागाकडे पॅकर म्हणूनही नोंद करायची असते, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत, फी ५०० रुपये.

जीएसटीबद्दल. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. पुण्या-मुंबईला कुरिअर केलं तरी राज्यातच आहात. पण नागपूरहून छिंदवाडा, बालाघाट, रायपूर हाकेवर आहेत. तिथल्या गिऱ्हाइकाला माल पाठवलात की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिला पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते.

नाव ठरवताना "सावजी" हा शब्द तुमच्या एकटीचा होणार नाही, ती कोष्टी समाजाच्या स्वयंपाकाची ओळख आहे आणि शहरात शंभर पाट्यांवर आहे. त्यापुढे स्वतःचं वेगळं नाव लावा आणि ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ३० मध्ये (मसाले त्यात येतात) पाहून घ्या. अर्ज ऑनलाइन केला तर व्यक्तीला आणि लघुउद्योगाला एका वर्गाचे ४,५०० रुपये. "१०० टक्के शुद्ध" छापू नका, १०० टक्क्यांचे दावे टाळा अशी सूचना एफएसएसएआयने २०२५ मध्ये काढली आहे. आणि भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते नाव मिरची खरंच तिथली असेल तरच लिहा. खरेदीचं बिल फाईलला लावून ठेवा.

प्रतापनगर_किराणा

दुकानाच्या बाजूने सांगतो. नवा मसाला घेऊन कोणी आलं की आम्ही तीन गोष्टी पाहतो: लेबल पूर्ण आहे का, पाकीट फळीवर उभं राहतं का, आणि न विकला तर परत कोण नेणार. चव शेवटी.

मार्जिन बोलताना घोळ होतो तो असा. दुकानदार २० टक्के म्हणतो ते छापील किमतीवर, म्हणजे १०० च्या पाकिटाचे तुम्हाला ८०. काही नवीन माणसं ८० वर २० टक्के जोडून ९६ छापतात आणि मग भांडण होतं. वहीत "खरेदी ८०, विक्री १००" असं आकड्यातच लिहून घ्या.

पहिल्या फेरीला एका दुकानात १२ पाकिटांपेक्षा जास्त ठेवू नका. विकल्यावर पैसे, या बोलीवर ठेवाल तर दोन प्रतींची चिठ्ठी करा, तारीख आणि संख्या लिहा, दुकानदाराची सही घ्या. दर १५ दिवसांनी ठरलेल्या वारी या. मोजा, पैसे घ्या, पुन्हा भरा. तुम्ही आलाच नाहीत तर तुमचं पाकीट मागच्या रांगेत जातं, यात वैर नसतं, जागा रोज हवी असते. मुदतीचे शेवटचे दोन महिने उरले की माल स्वतःहून बदलून द्या. जुना खवट मसाला विकला गेला तर ते गिऱ्हाईक तुमचंही गेलं आणि आमचंही.

आणि कृपा करून दुकानात १०० छापून शेजारच्या सोसायटीत ८० ला विकू नका. नागपूर दिसायला मोठं आहे, पण एका कॉलनीत ही गोष्ट दोन दिवसांत दुकानापर्यंत पोहोचते. घरपोच विकतानाही १०० च घ्या. द्यायचंच तर दोन पाकिटांवर २० ग्रॅमची पुडी द्या.

हिशेबवही

वरच्या मताला माझी जोड. पहिले तीन महिने दुकानात जाऊच नका असं मी म्हणेन. थेट विकलं तर दुकानदाराचे २० रुपये तुमच्याकडे राहतात, आणि त्याहून मोलाचं म्हणजे कोणी दुसऱ्यांदा घेतलं ते कळतं. दुकानातून गेलेल्या पाकिटाचा माग लागत नाही.

प्रतापनगर_किराणा

थेट विक्री आधी, हे पटतं. पण तीन महिने पूर्ण थांबायची गरज नाही. घराजवळची दोन दुकानं आत्ताच धरा. घरपोच घेणाऱ्या बाईला मध्येच मसाला संपला आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर "इथे मिळेल" म्हणायला एक जागा हवी.

गिऱ्हाईक_दारी

गिऱ्हाईक कुठून आणायचं, हा प्रश्न राहिला आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप वेगळ्या नंबरवर घ्या. कॅटलॉगमध्ये दोनच वस्तू, वजन आणि किंमत स्पष्ट. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. "मी पाठवते पण कोणी उत्तरच देत नाही" याचं कारण बहुतेक हेच. म्हणून पाकिटाच्या मागे क्यूआर छापा. तो स्कॅन केल्यावर थेट तुमचं चॅट उघडेल असा करा, आणि पहिल्या ऑर्डरला उत्तर देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. लोकांच्या सोसायटी ग्रुपवर परवानगीशिवाय जाहिरात टाकू नका. चार जणांनी तक्रार नोंदवली तर नंबर बंद होऊ शकतो आणि सगळी यादी जाते.

दर आठवड्याला "आजच ऑर्डर करा" पाठवण्यापेक्षा प्रत्येक गिऱ्हाइकाची घेतल्याची तारीख वहीत लिहा. चार माणसांच्या घरात १०० ग्रॅम महिना-दीड महिना पुरतं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी त्या एका घराला नावानिशी विचारा: "काकू, मसाला किती उरला? शनिवारी तुमच्याकडे येणं आहे." पहिल्या ५० घरांपैकी किती जणांनी स्वतःहून दुसऱ्यांदा घेतलं, तेवढा एक आकडा सांभाळा. २० च्या खाली असेल तर जाहिरातीवर पैसा घालू नका. कारण विचारत फिरा: फार तिखट, मीठ कमी-जास्त, की किती चमचे घालायचे तेच कळलं नाही. हे शेवटचं फार होतं. पाकिटावर "अर्धा किलो मटणाला इतके चमचे, पाव किलो पाटवडीच्या रश्श्याला इतके, तेल अमुक" असं स्वतः करून पाहिलेलं माप छापा. सावजीत तेल कमी पडलं की मसाला कच्चा लागतो आणि दोष मसाल्यावर येतो.

गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त "मानेवाडा, अजनी, हुडकेश्वर, बेसा" असे पोहोचवण्याचे भाग देता येतात. नाव पाकिटावर आहे तेच द्या. "नागपूर बेस्ट सावजी मसाला होम डिलिव्हरी" असं नाव लांबवलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. त्यात पाकिटाची मागची बाजूही दाखवा, लोक घटक वाचतात.

पैसे देऊन जाहिरात करण्याऐवजी मी संक्रांत धरीन. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि वाणाला काय द्यायचं हा प्रत्येकीपुढे प्रश्न असतो. २० ग्रॅमचं बंद पाकीट, पूर्ण लेबलसह आणि क्यूआरसह, २५ नगांच्या संचात विका. एका घरी २५ बायका येतात, म्हणजे २५ स्वयंपाकघरांत तुमचा मसाला पोहोचतो आणि खर्च वाण देणारीने केलेला असतो. ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्यायला लागा. जानेवारीत विचारलं तर डबे-वाट्या घेऊन झालेल्या असतात.

मसाला_मानेवाडा

वाणाची कल्पना मनापासून आवडली. शेवटचं एक: श्रावणात सावजी मसाला पडून राहील ना? माल किती करायचा?

गिऱ्हाईक_दारी

हो, सावजीची मागणी सणावारांवर फिरते. आषाढात वाढते, श्रावण लागला की एकदम बसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा उठते. नंतर गणपती-महालक्ष्म्यांत आणि नवरात्रात उतार, आणि धुळवडीला मोठी उसळी. म्हणून आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात नवा घाणा लावू नका. श्रावणात काळा मसाला पुढे करा. मसालेभात, भरली वांगी, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक यांना तो लागतोच. महिन्याला १२ किलो धरले असतील तर श्रावणात सावजी २ किलो, काळा ६ किलो पुरे. पोळ्याच्या आठ दिवस आधी सावजीचा ताजा ५ किलोचा घाणा काढा.

हिशेबवही

२५,००० ची वाटणी साधारण अशी बसेल, दर दुकानात पडताळा: शिक्क्याचा काटा ३,५००, हँड सीलर २,०००, हजार पाउच ४,०००, हजार स्टिकर १,५००, डिझाइन २,०००, नोंदण्या १,०००, ट्रेडमार्क ४,५००, वाणाच्या छोट्या पाकिटांचं साहित्य २,०००. झाले २०,५००. उरलेले ४,५०० हलवू नका. मिरचीचा नवा माल कळमन्याच्या बाजारात उतरू लागला आणि इतवारीत, मस्कासाथेत भाव नरमला की वर्षाची मिरची भरायला तेच हाताशी लागतील. पूर्ण वाळवून, हवाबंद पिंपात, जमिनीपासून उंचावर ठेवा आणि पिंपावर खरेदीची तारीख आणि दर लिहा. पुढच्या वर्षीची किंमत ठरवताना तो दर लागेल.